गर्भारपणातील कंबरदुखी: सोसण्याची गोष्ट की सांगण्याची?

देशातील मातामृत्यूचे प्रमाण गेल्या काही वर्षांत लक्षणीय घटले आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१४-१६ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० मातांचा मृत्यू होत होता. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ९३ वर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्याचे आढळले. ही कामगिरी निश्चितच मोठी आहे. मात्र आई आणि बाळ सुखरूप राहिले, एवढ्यावर मातांच्या आरोग्याचा हिशेब पुरा होतो का, हा प्रश्न आता विचारावा लागेल. गर्भारपणाच्या नऊ महिन्यांत स्त्री ज्या वेदना सोसते, त्यांची नोंद या हिशेबात होत नाही. कंबरदुखी ही त्यांपैकी एक.

गर्भवती स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या किंवा त्याहून अधिक स्त्रियांना कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर कंबरेचा किंवा कटिभागाच्या सांध्यांचा त्रास होतो, असे जगभरातील अभ्यास सांगतात. बहुतेकींचे दुखणे बेताचे असते आणि विश्रांतीने कमी होते. काहींना मात्र अंथरुणात कूस बदलणे, जिना चढणे, खाली बसून उठणे अशक्यप्राय होते. अशी स्त्री हे घरात सांगते तेव्हा, आणि पुष्कळदा दवाखान्यातही, तिला एकच उत्तर मिळते: या दिवसांत कंबर दुखायचीच. हे वाक्य खोटे नाही. पण ते अपुरे आहे. एखादा त्रास सर्रास आढळतो म्हणून तो दुर्लक्ष करण्याजोगा ठरत नाही. शिवाय, याच तक्रारीआड क्वचित एखादा गंभीर आजार दडलेला असतो आणि कोणी नीट विचारल्याखेरीज तो उघड होत नाही.

कंबर का दुखते?

गर्भारपणात स्त्रीचे वजन साधारणपणे दहा ते बारा किलोने वाढते आणि त्यातील बराचसा भार शरीराच्या पुढच्या बाजूस येतो. त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. तोल सांभाळण्यासाठी स्त्री नकळत मागे झुकून उभी राहते, कंबरेचा बाक वाढतो आणि पाठीच्या स्नायूंवर सतत ताण पडतो. त्याच वेळी पोटाचे स्नायू ताणले गेल्यामुळे कण्याला समोरून मिळणारा आधार कमी होतो.

दुसरे कारण संप्रेरकांचे आहे. प्रसूतीची पूर्वतयारी म्हणून ‘रिलॅक्सिन’ आणि अन्य संप्रेरके कटिभागातील सांध्यांचे बंध सैल करतात. कण्याचा खालचा भाग आणि नितंबाची हाडे जेथे जुळतात ते सांधे, तसेच पुढच्या बाजूला जांघेच्या वर असलेला सांधा, यांची हालचाल वाढते आणि दुखणे सुरू होते. या प्रकाराला वैद्यकशास्त्रात कटिबंधाची वेदना म्हणतात. कटिबंधाच्या वेदनेविषयी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सुमारे २० टक्के गर्भवतींना हा त्रास होतो. एका पायावर उभे राहून कपडे घालताना, वाहनावर चढताना किंवा पाय फाकवून बसताना तो वाढतो. साध्या कंबरदुखीपेक्षा त्याचे व्यायाम आणि पथ्ये थोडी वेगळी असतात. म्हणूनच नेमके कोठे दुखते हे कळणे महत्त्वाचे ठरते.

एक तक्रार, अनेक दुखणी

येथे भाषेचा प्रश्नही उपस्थित होतो. इंग्रजीतील आरोग्यविषयक मजकुराचे मराठीकरण करताना ‘पाठदुखी’ असा एकच शब्द वापरला जातो. प्रत्यक्षात मराठी स्त्री क्वचितच तो शब्द वापरते. तिची कंबर धरते, भरून येते किंवा लचकते; कंबरेतून पायापर्यंत चमक निघते; पायाला मुंग्या येतात; ठणका लागतो किंवा थांबून थांबून कळ येते. हे सारे शब्द वेगवेगळ्या दुखण्यांकडे बोट दाखवतात. दिवसभराच्या कामानंतर भरून येणारी कंबर ही बहुधा स्नायूंच्या थकव्याची असते. पायात उतरणारी चमक नसेवरील दाबाची असू शकते. ठरावीक अंतराने येणारी आणि पोटाकडे सरकणारी कळ ही प्रसूतीची नांदी असू शकते. तपासणीच्या कागदावर मात्र या सर्वांची ‘कंबरदुखी’ एवढीच नोंद होते.

स्वतःच्या भाषेत बोलणाऱ्या स्त्रीची ही गत असेल, तर परप्रांतात गेलेल्या स्त्रीची अडचण सहज समजण्यासारखी आहे. ओडिशातून पुण्याच्या बांधकामावर आलेली मजूर स्त्री किंवा विदर्भातून सुरतेला गेलेली कामगाराची पत्नी डॉक्टरांशी तोडक्यामोडक्या हिंदीत बोलते. दुखण्याचा प्रकार, वेळ आणि दिशा सांगण्यास तिच्यापाशी शब्द अपुरे पडतात. अशा वेळी बोटाने जागा दाखवणे, दुखणे कधी सुरू झाले आणि कशाने वाढते हे आधीच कोणाकडून तरी कागदावर लिहून घेणे, एवढ्या साध्या गोष्टींचाही पुष्कळ उपयोग होतो.

श्रमाचा भार

कंबरदुखीचे कारण केवळ शरीरात नसते, ते स्त्रीच्या दिनक्रमातही असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ८८ मिनिटे. गर्भारपणात हे काम आपोआप कमी होत नाही. पाण्याचा हंडा उचलणे, वाकून केर काढणे, जमिनीवर बसून भांडी आणि कपडे धुणे, धाकट्या मुलाला कडेवर घेणे या प्रत्येक हालचालीत आधीच ताणलेल्या कंबरेवर भार पडतो. जल जीवन मिशन ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाले तेव्हा देशातील सुमारे ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळाचे पाणी होते. २०२५ पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. पाणी दारात येणे ही केवळ सोय नसून गर्भवतीच्या कंबरेसाठी तो एक उपचारच आहे. अर्थात, नळाला पाणी नियमित आले तरच.

शेतात भाताची लावणी तासन्‌तास वाकून करावी लागते. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगार स्त्रिया गर्भारपणातही उसाची मोळी डोक्यावर वाहतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या मोठ्या संख्येने झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तो विषय कंबरदुखीहून वेगळा आणि अधिक गंभीर आहे. परंतु एक सूत्र दोन्हींत समान दिसते: कष्टकरी स्त्रीच्या दुखण्यामागचे श्रम, विश्रांतीचा अभाव आणि बुडणाऱ्या मजुरीची भीती यांची विचारपूस फारशी होत नाही. दुखणे एक तर क्षुल्लक ठरते किंवा थेट टोकाच्या उपायापर्यंत पोहोचते. मधला मार्ग, म्हणजे ऐकून घेणे, तपासणे आणि भार कमी करणे, हाच नेमका दुर्मीळ असतो.

कोणत्या दुखण्याला थांबू नये?

गर्भवतीने आणि तिच्या कुटुंबीयांनी काही लक्षणे पक्की लक्षात ठेवायला हवीत. ही लक्षणे दिसल्यास पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, गरज पडल्यास रात्रीही, रुग्णालय गाठावे.

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी कंबरेत ठरावीक अंतराने कळा येत असतील आणि पोट आवळल्यासारखे वाटत असेल, तर ती मुदतपूर्व प्रसूतीची सुरुवात असू शकते. अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, अथवा पोट टणक होऊन सतत तीव्र वेदना होत असतील, तर वार गर्भाशयापासून सुटण्याचा धोका संभवतो. बाळाची हालचाल कमी झाल्याचे जाणवणे हेही तितकेच गंभीर लक्षण आहे.

कंबरेच्या एका बाजूला, बरगडीखाली दुखणे आणि त्यासोबत थंडीताप, लघवीला जळजळ किंवा उलट्या असतील, तर मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. गर्भारपणात हा संसर्ग आई आणि बाळ या दोघांनाही घातक ठरू शकतो. वेळेवर प्रतिजैविके मिळाल्यास तो बरा होतो. पोटाच्या वरच्या भागात दुखणे, सोबत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि चेहऱ्यावर सूज ही वाढलेल्या रक्तदाबाच्या गुंतागुंतीची लक्षणे आहेत.

पायातील शक्ती कमी होणे, जांघेचा आणि बसण्याच्या जागेचा भाग बधिर होणे, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे दुर्मीळ आहेत. परंतु कण्यातील नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ती खूण असते. अशा वेळी काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व देऊ शकतो. आवश्यक असल्यास गर्भारपणातही एमआरआय करता येतो. त्यात क्ष-किरणांचा वापर होत नाही.

भारतीय संदर्भात आणखी एका शक्यतेचा विचार करावा लागतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत आणि क्षयरोग कण्यालाही होतो. रात्री वाढणारी व विश्रांतीने न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणे आणि गर्भारपणातही वजन न वाढणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास ‘या दिवसांत दुखायचेच’ असे म्हणून स्त्रीला परत पाठवणे धोक्याचे आहे.

गोळी घ्यावी की घेऊ नये?

दुखणे असह्य झाले की घरातील कोणी तरी औषधांच्या दुकानातून गोळी आणून देतो. ही सवय गर्भारपणात विशेष घातक आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि त्या गटातील वेदनाशामके विसाव्या आठवड्यानंतर घेतल्यास गर्भाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला. शेवटच्या तिमाहीत या औषधांचा बाळाच्या हृदयाजवळील रक्तवाहिनीवर परिणाम होण्याची भीती असते. ही औषधे अनेक मिश्र गोळ्यांत वेगवेगळ्या नावांनी असतात. म्हणून ‘साधी अंगदुखीची गोळी’ असे मानून कोणतीही गोळी घेऊ नये. मात्र रक्तदाबाच्या गुंतागुंतीचा धोका टाळण्यासाठी डॉक्टरांनी कमी मात्रेत ॲस्पिरिन दिले असेल, तर ते स्वतःहून बंद करू नये.

पॅरासिटामॉलबाबत २०२५ मध्ये जगभर चर्चा झाली. गर्भारपणात हे औषध घेतल्याने मुलांमध्ये स्वमग्नता येण्याचा धोका वाढतो, अशा आशयाचा इशारा अमेरिकी सरकारने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये दिला. त्यानंतर दोनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने असा संबंध सिद्ध करणारा ठोस पुरावा नसल्याचे स्पष्ट केले. या गदारोळात अनेक गर्भवतींच्या मनात भीती निर्माण होणे स्वाभाविक होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने, गरजेपुरत्या कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस पॅरासिटामॉल घेणे हा मार्ग आजही योग्य मानला जातो. ताप किंवा तीव्र वेदना उपचारांविना अंगावर काढणे हेही निर्धोक नसते.

उपाय आहेत, पण ते सांगितले जात नाहीत

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रसूतिपूर्व सेवेसंबंधी शिफारशी प्रसिद्ध केल्या. कंबरेचे व कटिभागाचे दुखणे टाळण्यासाठी गर्भारपणात नियमित व्यायाम करावा, अशी शिफारस त्यांत आहे. दुखणे सुरू झाल्यास भौतिकोपचार, आधारपट्टा आणि ॲक्युपंक्चर हे पर्याय स्त्रीच्या पसंतीनुसार व उपलब्धतेनुसार सुचवण्यात आले आहेत. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये ३४ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत ५,१२१ गर्भवती सहभागी होत्या. व्यायामाने कंबरदुखी कमी होत असल्याचे त्यात दिसले. मात्र हा पुरावा फार भक्कम नसल्याचेही संशोधकांनी नमूद केले. म्हणजेच व्यायाम हा चमत्कार नव्हे. पण त्याचा लाभ संभवतो, धोका अल्प आहे आणि त्याला खर्चही येत नाही.

डॉक्टरांनी मनाई केलेली नसल्यास रोज चालणे, गुडघे आणि तळहात टेकून पाठ हळूहळू वर-खाली करणे, भिंतीला टेकून कंबर सपाट करण्याचा प्रयत्न करणे हे व्यायाम घरी करता येतात. झोपताना कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवावी. उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. वजन उचलावेच लागले, तर कंबरेत न वाकता गुडघ्यांत वाकून, वस्तू अंगाजवळ धरून उचलावे. पाणी दोन लहान भांड्यांत विभागून न्यावे. ओटा किंवा चूल योग्य उंचीवर घेणे आणि भांडी घासताना पाटावर न बसता स्टूल वापरणे अशा बदलांनीही आराम पडतो. कोमट शेक कंबरेला द्यावा, पोटाला नव्हे. पोटावर जोराने मालीश करून घेऊ नये.

फरशी पुसल्याने किंवा उकिडवे बसून काम केल्याने बाळंतपण सोपे होते, अशी समजूत घरोघरी आढळते. निरोगी स्त्रीला हालचाल हितकारक असते, एवढा तिचा अर्थ घेता येईल. परंतु जांघेच्या वरचा सांधा दुखत असलेल्या स्त्रीला पाय फाकवून बसायला लावणे म्हणजे दुखणे वाढवणे होय. सासूबाईंचा अनुभव आणि डॉक्टरांचा सल्ला यांत येथे विरोध मानण्याचे कारण नाही. तपासणीच्या वेळी सासूबाईंनाही सोबत नेले, तर अर्धे प्रश्न तेथेच सुटू शकतात.

व्यवस्थेत वेदनेला रकाना नाही

सरकारी आरोग्ययंत्रणेत गर्भवतींसाठी अनेक योजना आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून औषधे, तपासण्या आणि प्रसूती मोफत आहे. लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, तसेच चौथ्या महिन्यापासून कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही दिल्या जातात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत.

परंतु यशाचे मोजमाप कशाने होते? पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत चार किंवा अधिक तपासण्या झालेल्या मातांचे प्रमाण ५८.१ टक्के होते. चौथ्या फेरीत ते ५१.२ टक्के होते. ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे दिसले. वजन, रक्तदाब, रक्त, लघवी आणि पोटाची तपासणी हे प्रसूतिपूर्व तपासणीचे नेहमीचे घटक आहेत. ते सारे अत्यावश्यकच आहेत. ‘तुम्हाला कोठे दुखते का आणि त्यामुळे कोणते काम जमत नाही?’ हा प्रश्न मात्र त्या यादीत ठळकपणे येत नाही. गर्दीच्या दिवशी एका स्त्रीच्या वाट्याला डॉक्टरांची जी मोजकी मिनिटे येतात, त्यांत यादीबाहेरचा प्रश्न विचारला जाण्याची शक्यता कमीच.

प्रश्न विचारला गेला, तरी पुढचा मार्ग सोपा नसतो. भौतिकोपचार तज्ज्ञ प्रामुख्याने शहरांत आणि मोठ्या रुग्णालयांत उपलब्ध असतात. आयुष्मान भारत विमा योजनेचा लाभ रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो; बाह्यरुग्ण म्हणून घ्यावयाच्या भौतिकोपचाराचा खर्च कुटुंबालाच करावा लागतो. या दृष्टीने ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरसल्ला सेवेचा उपयोग वाढवता येईल. आशा कार्यकर्ती गर्भवतीच्या घरी जातातच. धोक्याची लक्षणे विचारणे आणि चार साधे व्यायाम करून दाखवणे यांचे प्रशिक्षण त्यांना मिळाले, तर नवी योजना न आखताही मोठा बदल घडू शकेल. अर्थात, आशाताईंवर आधीच असलेल्या कामाचा आणि त्यांच्या मानधनाचा विचारही त्यासोबत करावा लागेल.

कामाच्या ठिकाणचे हक्क

संघटित क्षेत्रातील स्त्रियांना १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने काही हक्क दिले होते आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पहिल्या दोन अपत्यांसाठीच्या २६ आठवड्यांपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा जो महिना, त्या काळात स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारपणासाठी, पुरावा सादर केल्यास, एक महिन्यापर्यंत अधिक पगारी रजेची तरतूद आहे. तीव्र कंबरदुखीची डॉक्टरांनी लेखी नोंद करणे येथे उपयोगी पडते. तोंडी सल्ल्याला कार्यालयात किंमत नसते.

देशातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया मात्र या चौकटीबाहेर आहेत. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये मिळतात. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम काही आठवड्यांचाच आधार देऊ शकते. ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला देणे सोपे आहे. तो पाळण्याची किंमत कोण मोजणार, हा खरा प्रश्न आहे.

प्रसूतीनंतरही

बहुतेक स्त्रियांचे दुखणे प्रसूतीनंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होते. काहींचे मात्र दीर्घकाळ रेंगाळते. सिझेरियनच्या वेळी कण्यात दिलेल्या इंजेक्शनामुळे जन्मभराची कंबरदुखी मागे लागते, असा समज रूढ आहे. टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकते. दीर्घकाळच्या कंबरदुखीशी त्याचा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. उलट, या समजुतीमुळे खरे कारण शोधणे राहून जाते. बाळाला वाकून पाजण्याऐवजी पाठीला आधार देऊन बसणे आणि बाळ उशीवर घेणे हा साधा उपाय येथेही उपयोगी आहे. तीन महिन्यांनंतरही दुखणे कायम असेल, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी.

गर्भवतीची कंबरदुखी पूर्णपणे नाहीशी करणारे औषध वैद्यकशास्त्राकडे नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु ती कमी करता येते, तिच्यामागील धोका वेळीच ओळखता येतो आणि दुखणाऱ्या स्त्रीवर विश्वास ठेवता येतो. पुढच्या तपासणीला जाताना गर्भवतीने आपले दुखणे स्वतःहून, तपशिलाने आणि संकोच न करता सांगावे: कोठे दुखते, केव्हापासून, कशाने वाढते आणि काय करणे जमत नाही. घरच्यांनी त्या वेळी तिच्या सोबत असावे. आणि टेबलापलीकडे बसलेल्या डॉक्टरांनी ‘दुखायचेच’ असे म्हणण्यापूर्वी एकदा विचारावे, ‘दाखवा, नेमके कोठे?’